घर श्रीमंत कशाने दिसते? मांडवगण फराट्याच्या वाटेवर

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, शिरूर तालुक्यात मांडवगण फराटा नावाचे गाव आहे. शेजारच्या श्रीगोंदा तालुक्यातही एक मांडवगण आहे, म्हणून तिकीट काढताना 'फराटा' म्हटलेले बरे. पुण्याहून यायचे तर नगर रस्ता धरून पुढे न्हावऱ्यावरून येता येते. रेल्वेने यायचे तर दौंड जंक्शनला उतरून भीमा ओलांडावी लागते. भीमा आणि घोड या दोन नद्यांमधला हा मुलूख. जमीन काळी आणि पीक मुख्यतः उसाचे.

हे काही सहलीचे ठिकाण नाही. तरीही ज्यांना घर बांधायचे आहे, किंवा बांधलेले घर थोडक्या पैशांत देखणे करायचे आहे, अशा आपल्या बंधू-भगिनींनी या वाटेवर एकदा तरी यावे. घर कशाने देखणे होते याचा साडेतीन हजार वर्षांचा धडा येथल्या मातीत पुरलेला आहे.

काळी आणि पांढरी

आपल्याकडे शेतजमिनीला 'काळी' म्हणतात आणि वस्तीच्या जागेला 'पांढरी'. पिढ्यान् पिढ्या घरे पडली, पुन्हा उभी राहिली, राख आणि शेणमाती साचत गेली आणि वस्तीची जमीन पांढुरकी झाली. जुन्या घरांच्या भिंतींना आणि धाब्यांना हीच माती वापरत. नदीकाठाने जाताना असे एखादे पांढरीचे टेकाड दिसले, तर तिथे कधीकाळी माणसे राहत होती असे समजावे.

याच भागात घोड नदीच्या उजव्या काठावर इनामगाव आहे. तेथील पांढरीच्या टेकाडांचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ साली सुरू केले. ते पुढे अनेक हंगाम चालले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शंभराहून अधिक घरे तेथे उजेडात आली.

ती घरे कशी होती? सुरुवातीच्या काळातली घरे लांबट चौकोनी होती. खाली बुटकी मातीची भिंत, वर कुडाचे बांधकाम आणि गवताचे उतरते छप्पर. आत कुडाचा आडपडदा घालून पुढची खोली आणि मागची खोली वेगळी केलेली. जमीन माती चोपून केलेली. चूल ठरलेल्या जागी. धान्यासाठी जमिनीत पेव, त्याला आतून चुन्याचा गिलावा. कणगी ठेवायला मातीचा गोल ओटा. भांडी लाल रंगाची, त्यांवर काळ्या रंगात काढलेली नक्षी.

त्या घरात सोफा नव्हता, शोकेस नव्हते. पण प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली होती. घराचे देखणेपण प्रथम येथे असते. आजच्या भाषेत ज्याला 'इंटिरियर' म्हणतात, त्याचा पहिला नियम हाच आहे.

याच उत्खननात दुसरीही एक गोष्ट आढळली. वस्तीच्या मध्यभागी सुखवस्तू शेतकऱ्यांची घरे होती. एक घर तर पाच खोल्यांचे होते आणि ते गावप्रमुखाचे असावे असे अभ्यासकांचे मत आहे. कुंभार, सोनार, हस्तिदंताचे काम करणारा आणि चुना भाजणारा यांची घरे मात्र वस्तीच्या पश्चिम कडेला होती. त्या काळात आजच्यासारख्या जाती होत्या असे यावरून म्हणता येणार नाही. पण ज्याच्या चुन्याने पेव टिकत होते, तो मात्र कडेला राहत होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

कौलांची मनाई

गावकुसाबाहेरच्या वस्तीला देखणे घर बांधण्याची हौस करायलाही मुभा नव्हती. अस्पृश्यांवर गावाने लादलेल्या नियमांची बाबासाहेबांनी आपल्या लिखाणात नोंद केली आहे. स्वच्छ कपडे घालायचे नाहीत, सोन्या-चांदीचे दागिने घालायचे नाहीत आणि घरावर कौले घालायची नाहीत. घर पाहताच ते कोणाचे आहे हे कळावे, हा त्यामागचा हेतू.

म्हणून आपल्या आया-बहिणींनी घर नीट लावण्याची हौस केली तर तिला कोणी चैन म्हणू नये. रमाई आवास योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना घरकुल मिळते. ते बहुधा २६९ चौरस फुटांचे, म्हणजे जवळजवळ साडेसोळा फूट लांब आणि तितकेच रुंद. अनुदानही काम जसे पुढे सरकेल तसे हप्त्याहप्त्याने हाती येते. आजीच्या डोक्यावर कौल नव्हते आणि नातीच्या डोक्यावर स्लॅब आला, हा बदल लहान नाही.

अडचण नेमकी येथेच सुरू होते. घर उभे राहते आणि पाहुण्यांना दाखवण्यासाठी हप्त्यावर सोफा येतो. पीओपीचे छत होते, संगमरवरासारखा दिसणारा कागद भिंतीला चिकटतो. दोन पावसाळ्यांत कागद सुटतो, भुशाच्या फळ्यांचे कपाट फुगते आणि हप्ता मात्र चालूच राहतो. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना राहणी बदलण्याचा उपदेश केला, तेव्हा अंगावरचे जुन्या पद्धतीचे जड दागिने टाकून स्वच्छ आणि नीटनेटके राहा, असे सांगितले. घरालाही तोच न्याय लावावा. नकली टाकावे, साधे आणि खरे ते नीट ठेवावे. ते कसे, हे आता क्रमाने पाहू.

जमीन

पाहुण्याचे पाय आणि डोळे प्रथम जमिनीवर पडतात. घरच्यांचे तर आयुष्य जमिनीवरच जाते. म्हणून पैसा प्रथम येथे घालावा. मांडवगणच्या बाजूची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. तिच्यावर थेट बसवलेली भारी टाईलसुद्धा उचकटते. तेव्हा जमिनीखालची काळी माती काढून मुरूम भरावा, पाणी मारावे आणि धुम्मसने चांगला चोपून घ्यावा. इनामगावच्या माणसांनीही आपली जमीन चोपूनच घेतली होती.

वर शहाबादी फरशी घालावी. दौंडवरून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पुढे कर्नाटकात शहाबाद आहे, तेथला हा दगड. एका मापाच्या फरशा निवडून, सांधे सरळ ठेवून बसवल्या आणि जागेवर मशीनने पॉलिश केल्या तर निळसर राखाडी जमीन फार सुरेख दिसते. हा चुनखडीचा दगड आहे. त्यामुळे लिंबू, चिंच किंवा संडास धुण्याचे ॲसिड त्यावर सांडू देऊ नये, डाग कायमचा पडतो.

तेवढेही जमत नसेल तर लाल ऑक्साइडचा कोबा करावा. चार-चार फुटांवर काचेची पट्टी घालून चौकोन पाडावेत म्हणजे तडे पसरत नाहीत. घोटाई चांगल्या गवंड्याकडून करून घ्यावी आणि निदान सात दिवस कोबा ओला ठेवावा. पुढे तो जितका पुसाल तितका चमकतो. शहरातले पैसेवाले लोक आपल्या फार्महाऊसवर आता मुद्दाम असाच कोबा आणि अशीच फरशी मागतात. आपण मात्र ती 'गावंढळ' म्हणून उखडून टाकतो!

भिंत

आतल्या सगळ्या भिंतींना एकच फिकट रंग द्यावा. एका भिंतीला गुलाबी, दुसरीला हिरवा आणि तिसरीला फुलांचा कागद असे केले की लहान घर आणखी लहान दिसते. सर्वांत स्वस्त रंग म्हणजे कळीचा चुना. तो पाण्यात टाकला की उकळतो, म्हणून मुलांना लांब ठेवावे आणि डोळे सांभाळावेत. एक दिवस मुरू द्यावा, कापडातून गाळावा, त्यात डिंकाचे पाणी आणि चिमूटभर नीळ घालावी. पातळ दोन-तीन हात द्यावेत, प्रत्येक हात वाळू द्यावा. निळीमुळे पांढरा रंग उठून दिसतो. ऑइलपेंटच्या भिंतीवर मात्र चुना धरत नाही.

भिंतीवर दहा कॅलेंडरे आणि पाच घड्याळे नकोत. तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर बैठकीच्या एका मोकळ्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला, एका रेषेत लावावी. आजूबाजूला जागा मोकळी सोडावी, प्लॅस्टिकची फुले आणि लुकलुकणारे दिवे काढून टाकावेत. घरच्यांचे फोटो दुसऱ्या भिंतीवर एकत्र लावावेत. विजेच्या तारा पट्टीत बंद कराव्यात. एवढ्यानेच घर निम्मे बदलते.

कोनाडा, फडताळ आणि लाकूड

भिंत ९ इंचांची असेल तर बांधतानाच गवंड्याला सांगून कोनाडे ठेवून घ्यावेत. पुढे कपाटाचा खर्च वाचतो. स्वयंपाकाच्या भिंतीत कडाप्प्याच्या फळ्या घालून फडताळ केले तर ते पाण्याने फुगत नाही आणि त्याला वाळवीही लागत नाही. बैठकीत एक फडताळ पुस्तकांचे असावे. बाबासाहेबांनी दादरला 'राजगृह' बांधले ते ग्रंथांच्या ओढीने. आपल्या साडेसोळा फुटांत ग्रंथालय मावणार नाही, पण मुलांच्या वह्या-पुस्तकांची एक ठरलेली जागा सहज मावते. कोणत्याही शोकेसपेक्षा ती घराला अधिक शोभा देते.

लाकडासाठीही दूर जायला नको. शिरूर तालुक्यातच रांजणगावला औद्योगिक वसाहत आहे. कारखान्यांत येणाऱ्या मालाच्या खोक्यांचे आणि पॅलेटचे पाइन लाकूड भंगारवाल्यांकडे स्वस्त मिळते. त्यावरचा शिक्का पाहून घ्यावा. 'एचटी' असेल तर लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेले असते. 'एमबी' असेल तर त्यावर विषारी वायूची प्रक्रिया झालेली असते, ते घरात आणू नये. खिळे काढून, रंधा मारून, पॉलिश पाजले की त्याचे बाक, फळी, मुलांचे टेबल झकास होते.

सोफ्याचा हिशेब घरातल्या टेपनेच करून पाहावा. तीन माणसांचा सोफा सात फूट बाय तीन फूट, म्हणजे २१ चौरस फूट. २६९ फुटांच्या घराचा हा जवळजवळ तेरावा हिस्सा झाला. त्याऐवजी खाली कप्पा असलेला दिवाण घ्यावा. दिवसा बैठक होते, रात्री झोपायला येतो आणि पोटात गोधड्या ठेवतो. दाराबाहेर दीड फूट उंच ओटा बांधला तर संध्याकाळची खरी बैठक तीच होते.

उजेड आणि कापड

जन्माने इंग्रज असलेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी केरळात कमी खर्चाची शेकडो घरे बांधली. गिलावा न करता विटाच स्वच्छ सांध्यांनी उघड्या ठेवायच्या आणि विटांमध्ये जाळी सोडून वारा-उजेड आत घ्यायचा, ही त्यांची रीत. विटा कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवण्याच्या पद्धतीने ते सुमारे पाव हिस्सा विटा वाचवत. आपल्या गवंड्यालाही स्वयंपाकघरात अशी जाळी करता येईल. धूर बाहेर जातो आणि भिंतीवर उन्हाची नक्षी उमटते.

पडद्याला नवे कापड लागत नाही. दोन जुन्या सुती, एकरंगी साड्या पुरतात. पडद्याची दांडी खिडकीला लागून न ठोकता छताजवळ ठोकावी, खोली उंच वाटते. दिवाणावर आईने शिवलेली गोधडी घालावी. जुन्या लुगड्यांचे ते धावदोरे आता शहरात प्रदर्शनात मांडून महाग विकले जातात. ती आपल्या घरात फाटक्या पोत्याखाली दडवून ठेवण्याची वस्तू नव्हे. बैठकीत पिवळसर उजेडाचा एलईडी लावावा, अभ्यासाच्या आणि चुलीच्या जागी पांढरा.

क्रम चुकवू नये

सगळे एका वर्षात करण्याचा अट्टहास नको. प्रथम गळती बंद करावी, मग जमीन, मग चुना, मग फडताळे, मग कापड. पुढच्या पायरीचे पैसे हाती आल्याशिवाय ती हाती घेऊ नये. पडदा एक वर्ष उशिरा लागला तर बिघडत नाही, मुलीची फी मात्र उशिरा भरून चालत नाही.

मांडवगणला जाणे झाले तर इनामगावची पांढरी जरूर पाहावी, पण तेथले खापर उचलून आणू नये. जाणे जमत नसेल तर पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात तेथल्या वस्तू आहेत, रविवारी उघडे असते का ते आधी विचारून मुलांना घेऊन जावे. ती लाल-काळी भांडी पाहून घरी आल्यावर आपल्या मांडणीतली भांडी एकदा खाली काढावीत, घासावीत आणि उतरत्या क्रमाने पुन्हा लावावीत. सुरुवात तेथूनच करावी, त्याला पैसा लागत नाही.