चित्रांतले रक्त

वऱ्हाडात १९५६ हे साल स्मरणात राहिले ते राज्य बदलले म्हणून. १ नोव्हेंबरला आमचे वरूड मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. त्याच डिसेंबरात संसदेने तरुणांना अपायकारक ठरणाऱ्या प्रकाशनांविरुद्ध एक कायदा केला. त्याची आठवण मात्र क्वचितच कोणी काढते. गुन्हे, क्रौर्य वा भीषण प्रसंग रंगवणारे पुस्तक, मग ते सचित्र असो वा नसो, समग्रपणे पाहता वीस वर्षांखालील वाचकाला बिघडवील असे ठरले, तर विक्रेत्याला सहा महिन्यांपर्यंत कैद.

ही भीती दूरदेशीची. अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञांनी १९५४ साली पुस्तक लिहून गुन्हेगारी व भयकथांच्या कॉमिक्सवर मुले बिघडवल्याचा ठपका ठेवला. त्याच वर्षी प्रकाशकांनी धास्तावून नियमावली केली. मासिकाच्या नावात ‘हॉरर’ हा शब्दसुद्धा नको! त्याआधी, १९४८ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे सेंट पॅट्रिक या कॅथोलिक शाळेच्या मुलांनी कॉमिक्सची होळी केली होती. आपल्याच मंडळींचे हे काम. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

वर्थम ढोंगी नव्हते. हार्लेममधील गरीब कृष्णवर्णीयांसाठी त्यांनी दवाखाना चालवला. परंतु कॅरोल टिली या अभ्यासिकेने त्यांची मूळ टिपणे तपासली आणि २०१२ साली दाखवून दिले, की मुलांची बोलणी त्यांनी आपल्या मताला सोयीची करून छापली होती.

आमच्या घरी हा ग्रंथ कोणी वाचला नव्हता, तरी निकाल तोच. आठवडी बाजारातील रद्दीवाल्याकडून आणलेला इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आम्ही संत्र्याच्या बागेत लपून वाचीत असू. “पोट्टं बिघडते अशानं,” असे आजी म्हणे. तिच्याच खोलीत बाणांनी विंधलेल्या संत सेबॅस्टियनची तसबीर होती, आणि जाळीवर भाजल्या गेलेल्या संत लॉरेन्सची कथा ती इतकी रंगवून सांगे की आम्हांला झोप लागत नसे. ती भीती वेगळी, असे तिचे मत. तसे ते खरेही होते. त्या वेळी तिचा हात आमच्या पाठीवर असे. बागेत आम्ही एकटे होतो.

कायद्यातील ‘समग्रपणे’ हा शब्द आम्हांला मोलाचा वाटतो. पुस्तक समग्र जोखायचे तर आधी समग्र वाचावे लागते. होळी पेटवणाऱ्यांना तेवढी सवड कुठली?

गेल्या पावसाळ्यात ओळखीच्या एका माउलीने बारा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात सापडलेला नारायण धारपांचा भयकथासंग्रह आमच्यापुढे ठेवला. काढून घ्यावा का, असा तिचा प्रश्न. आम्ही दोन रात्री जागून तो वाचला. दुसऱ्या रात्री अंगणातला दिवा मालवायला उठण्याचे धैर्य झाले नाही, हे नमूद करण्यास हरकत नसावी. पुस्तक मुलाला परत दिले आहे. त्यातली एक कथा त्याने आईला वाचून दाखवायची, असे ठरले आहे. कोणती, ते अजून ठरायचे आहे.