आडनांवाचा रकाना

आमचें आडनांव पागनीस. पागेंतील घोड्यांचा, दाणावैरणीचा व स्वारांच्या पगाराचा हिशेब ज्यानें ठेवावयाचा तो पागनीस. असा कोणी पूर्वज आमच्या घराण्यांत होऊन गेला असावा, म्हणून हें नांव आम्हांस चिकटलें. गेल्या चार पिढ्यांत मात्र आमच्या दारीं घोडा बांधलेला कोणीं पाहिला नाहीं. आणि आम्ही स्वतः तर वरातीच्या घोड्याजवळूनही दोन हात अंतर राखून चालतों. तरीही आमच्या ओटीवर एका खुंटीस गंजलेली रिकीब टांगलेली आहे. पाहुणा आला कीं आमची दृष्टि तिकडे वळते, आणि पाहुण्याचीही वळावी अशी तजवीज आम्ही बोलतां बोलतां करतों.

या अभिमानाच्या भरांतच गेल्या वर्षीं आम्हीं नववीच्या वर्गास निबंधाचा विषय दिला : 'आमचें घराणें'. मुलांनीं विषय उतरून घेतला. मागच्या बांकावरील एक विद्यार्थी मात्र तास संपल्यावर आमच्या टेबलापाशीं येऊन उभा राहिला. तो वसतिगृहांतच लहानाचा मोठा झालेला. हजेरीपटांत त्याचें स्वतःचें नांव आहे. त्यापुढें एक आडवी रेघ आहे. आडनांवाचा रकाना कोरा. त्यानें तक्रार केली नाहीं, कीं डोळ्यांत पाणी आणलें नाहीं. तो एवढेंच म्हणाला, "सर, मीं हा निबंध कोठून सुरू करावा?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. "तूं दुसऱ्या एखाद्या विषयावर लिही," असें म्हणून आम्हीं त्याची बोळवण केली. तो "बरें, सर," म्हणून निघून गेला. पण ती बोळवण आमच्या मनांत कुसळाप्रमाणें सलत राहिली.

त्याच आठवड्यांत आम्ही चीन देशाच्या इतिहासाविषयीं वाचीत होतों. चिनी लोकांत आडनांव आधीं व स्वतःचें नांव मागाहून लिहितात, आणि बहुतेक आडनांवें एकाक्षरीच असतात. वाचतां वाचतां 'सिमा' हें दोन अक्षरी आडनांव दृष्टीस पडलें. 'सि' म्हणजे कारभार पाहणें व 'मा' म्हणजे घोडा. प्राचीन काळीं सैन्यावरील एका मोठ्या अधिकाऱ्याच्या हुद्द्याचें हें नांव होतें, व हुद्द्यावरून तें घराण्यास मिळालें. आपल्याकडे फडणीस, चिटणीस, पोतनीस झाले तसेंच. म्हणजे हे तर आमचे दूरचे भाऊबंदच निघाले! त्या आनंदांत आम्हीं या आडनांवाच्या थोर पुरुषांचा शोध घेतला. शोध संपला तेव्हां आमचा आनंद तसाच राहिला होता, परंतु अभिमान बराच उतरला होता. तो कसा, तें वाचकांस सांगतों.

या नांवाचा पहिला मान सिमा छिएन याचा. इ. स. पू. १४५ च्या सुमारास याचा जन्म झाला. याचा बाप सिमा थान हा हान बादशहाच्या दरबारीं ज्योतिष व नोंदी यांवरील अधिकारी होता. प्राचीन काळापासून आपल्या काळापर्यंतचा सर्व इतिहास एका ग्रंथांत आणावा अशी त्याची इच्छा होती. ती पुरी होण्यापूर्वीं इ. स. पू. ११० मध्यें तो मरणोन्मुख झाला, आणि मुलाचा हात धरून, रडत, हें काम तूं पुरें कर असें त्यानें सांगितलें. मुलानें तें मान्य केलें.

पुढें इ. स. पू. ९९ मध्यें ली लिंग नांवाचा सेनापति उत्तरेकडील श्युंगनू लोकांशीं लढतां लढतां वेढला गेला व शरण गेला. दरबारांत सर्वांनीं त्याची निंदा केली. एकट्या छिएननें त्याची बाजू घेतली. बादशहा संतापला व छिएनला मृत्युदंडाची शिक्षा झाली. द्रव्य भरून सुटतां आलें असतें, पण तेवढें द्रव्य त्याच्यापाशीं नव्हतें. मरणाऐवजीं दुसरा मार्ग म्हणजे एक असा देहदंड होता, कीं त्यापेक्षां मानी पुरुष मरण बरें म्हणत. छिएननें तो देहदंड पत्करला. जीव प्यारा होता म्हणून नव्हे. ग्रंथ अपुरा होता म्हणून. लाज गिळून तो आणखी कांहीं वर्षें जगला व १३० प्रकरणांचा, पांच लक्षांहून अधिक अक्षरांचा तो इतिहास त्यानें पुरा केला. 'शि-ची', म्हणजे इतिहासकाराच्या नोंदी, या नांवानें तो प्रसिद्ध आहे. पुढील दोन हजार वर्षें चीनमध्यें जे राजवटींचे इतिहास लिहिले गेले, त्यांस घडण मिळाली ती या ग्रंथावरून.

छिएनच्याच काळीं सिमा श्यांगरू नांवाचा कवि होता. त्यानें एका धनिकाच्या विधवा कन्येशीं पळून जाऊन लग्न केलें, व निर्वाहासाठीं दोघांनीं दारूचें दुकान घातलें. ती गल्ल्यावर बसे आणि कविराज भांडीं विसळीत! याचेंही चरित्र छिएनच्या ग्रंथांत आहे.

इथपर्यंत आमची छाती फुगलेलीच होती. पुढें भेटला सिमा यी. हा वेइ राज्याचा कसलेला सेनापति. इ. स. २४९ मध्यें त्यानें कपटानें सर्व सत्ता हातीं घेतली. त्याचा मुलगा सिमा चाव याच्या कारकीर्दींत, २६० मध्यें, तरुण बादशहा त्याच्याविरुद्ध तलवार घेऊन रथांतून बाहेर पडला असतां चावच्या माणसांनीं त्यास भर रस्त्यांत ठार मारलें. आजही चिनी भाषेंत, एखाद्याचा दुष्ट हेतु उघडा पडला कीं, हें तर सिमा चावचें मन, वाटसरूलाही ठाऊक, अशा अर्थाची म्हण वापरतात. केवढी ही कीर्ति! चावचा मुलगा सिमा यान यानें २६६ मध्यें वेइच्या अखेरच्या बादशहास पदच्युत करून चिन नांवाची नवी राजवट स्थापिली व २८० मध्यें सर्व चीन देश एका छत्राखालीं आणला. पण तो मरतांच त्याच्या घराण्यांतील आठ राजपुत्र एकमेकांच्या उरावर बसले. २९१ पासून ३०६ पर्यंत सिमा सिमांसच मारीत होते. भाऊबंदकी म्हणजे काय हें मराठी माणसास समजावून सांगावयास नकोच. दुबळें झालेलें तें राज्य परक्यांच्या तावडींत सांपडलें, व ३११ मध्यें राजधानी लोयांग लुटली गेली.

आतां प्रश्न असा, कीं हीं दोन्हीं फळें एकाच झाडाचीं काय? मरणापेक्षां कठीण अपमान सोसून सत्य लिहिणाराही सिमाच, आणि बादशहाच्या रक्तावर सिंहासन मांडणारेही सिमाच. रिकिबीकडे पाहून अभिमान धरावयाचा, तर तो यांपैकीं कोणाच्या नांवानें?

याचें उत्तर आम्हांस तिसऱ्या सिमानें दिलें. सिमा ग्वांग हा छिएननंतर सुमारें अकराशें वर्षांनीं, १०१९ मध्यें जन्मला. याची बाळपणची गोष्ट चीनमधील प्रत्येक मुलास ठाऊक असते. अंगणांत मुलें खेळत होतीं. एक मूल पाण्यानें भरलेल्या मोठ्या रांजणांत पडलें. बाकीचीं मुलें भिऊन पळालीं. सात वर्षांच्या ग्वांगनें दगड उचलून रांजणावर घातला. रांजण फुटला, पाणी वाहून गेलें व मूल वांचलें. हाच ग्वांग पुढें मुत्सद्दी झाला आणि १९ वर्षें खपून, विद्वान सहाय्यकांच्या मदतीनें, त्यानें इ. स. पू. ४०३ पासून इ. स. ९५९ पर्यंतचा इतिहास २९४ भागांत लिहिला. १०८४ मध्यें तो बादशहास अर्पण झाला. राज्यकर्त्यांनीं ज्यांत आपलें मुख पाहावें असा आरसा, या अर्थाचें नांव त्यास दिलें गेलें.

ग्वांगचें घराणें आपला वंश सिमा यीचा भाऊ सिमा फू याच्यापर्यंत नेऊन भिडवीत असे. म्हणजे तें राजघराणें त्याचें स्वतःचेंच! परंतु इतिहास लिहितांना २४९ सालचें कपट व २६० सालचा खून यांपाशीं पोंचल्यावर त्यानें लेखणी आवरली नाहीं, कीं पूर्वजांवर पांघरूण घातलें नाहीं. जें घडलें तें लिहिलें. रांजण वडिलोपार्जित असला तरी आंत मूल बुडत असेल तर तो फोडावा लागतो, हें त्यास सातव्या वर्षींच कळलें होतें.

आणि छिएनच्या ग्रंथाचें पुढें काय झालें? तो जगापुढें आणला तो त्याच्या मुलीच्या मुलानें. त्याचें नांव यांग युन. आडनांव यांग, सिमा नव्हे. इतकेंच काय, छिएनच्या जन्मभूमीकडे, हानछंगच्या परिसरांत, लोक अशी परंपरा सांगतात, कीं राजाच्या रोषास भिऊन छिएनच्या वंशजांनीं सिमा हें नांवच टाकून दिलें. 'सि' या अक्षरास एक रेघ जोडून कांहीं जण थुंग झाले, व 'मा' या अक्षरास दोन टिंबें जोडून कांहीं जण फंग झाले. आणि अजूनही तेथील थुंग व फंग आपणांस एकाच कुळाचे मानतात. ज्यानें बापाचा शब्द पाळण्यासाठीं सर्वस्व दिलें, त्याचें आडनांव घरांत राहिलें नाहीं. त्याचें काम मात्र राहिलें.

दुसऱ्या दिवशीं वर्गांत आम्हीं हीच हकीकत सांगितली. 'सिमा' हें नांव ऐकतांच, ही तर आमची मावशी, म्हणून मुलें हंसलीं; पण छिएनच्या शिक्षेपाशीं वर्ग शांत झाला. मागच्या बांकावरील तो विद्यार्थी टक लावून ऐकत होता. शेवटीं त्यानें विचारलें, "सर, मग तुमच्या घराण्यांत कोणाचें काम अपुरें राहिलें आहे?"

या प्रश्नानें आम्ही पुरते सांपडलों. कारण आमच्या माळ्यावर पागेच्या जमाखर्चाच्या मोडी कागदांचा एक रुमाल आहे. आमचे तीर्थरूप त्यांची बाळबोधींत नक्कल करीत होते. चाळीस कागद झाले आणि त्यांनीं डोळे मिटले. त्यास आज अठरा वर्षें झालीं. रिकीब आम्ही दर दसऱ्यास पुसतों. रुमालाची गांठ मात्र एकदांही सोडली नव्हती. वर्गापुढें हें कबूल करतांना आमची मान खालीं गेली, हें लिहावयास आम्हांस आज संकोच वाटत नाहीं.

पुढील रविवारीं आम्हीं तो रुमाल खालीं काढला व त्या मुलास घरीं बोलाविलें. मोडी वाचण्यास त्यास आम्हींच शिकविलें; आतां अडलेलें अक्षर आम्हींच त्यास विचारतों. त्याची नजर तरुण आहे व आमच्याहून चिकाटीही अधिक आहे. आजवर साठ कागद पुरे झाले आहेत. एका जागीं आमच्याच पूर्वजानें दाणावैरणींत केलेली अफरातफर सांपडली, तीही त्यानें जशीच्या तशी उतरून घेतली आहे. आम्हीं क्षणभर त्याच्याकडे पाहिलें, पण खोडा असें म्हटलें नाहीं.

नकलेच्या वहीवर तीर्थरूपांचें नांव होतें. त्याखालीं आपलें नांव लिही, असें आम्हीं त्यास सांगितलें. त्यानें आपलें नांव लिहिलें व आमच्याकडे पाहिलें. आम्ही म्हणालों, "एवढें पुरे आहे."

असो. यंदा नववीच्या वर्गास आम्हीं 'आमचें घराणें' हा विषय दिलेला नाहीं. यंदाचा विषय आहे : 'कोणाचें अपुरें काम मी पुढें नेईन?' या निबंधास आडनांव लागत नाहीं.