बावीस बाय आठ

प्रोपेलरवर दोन आकडे लिहिलेले असतात. २२×८, २३×८, २२×१०. दोन्ही इंचांत. पहिला व्यास, म्हणजे फिरणारं पातं जो गोल काढतं त्याची रुंदी. दुसरा पिच. पिच समजायला सुताराकडे बघावं: स्क्रू एका फेऱ्यात लाकडात जेवढा आत जातो, तसा प्रोपेलर एका फेऱ्यात हवेत किती पुढे सरकेल त्याचं हे माप. हवा काही सागवान नाही, ती निसटते, म्हणून प्रत्यक्षात तेवढं अंतर कापलं जात नाही. तरी हिशेब इथूनच सुरू होतो.

मालेगावात माझ्या भाच्याने पायपर कब विमानाचं एक तृतीयांश मापाचं मॉडेल बांधलं आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत पंख पावणेबारा फूट, नाकात ५५ सीसीचं टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन. (पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं, जुन्या स्कूटरसारखं.) इंजिनाच्या पुस्तिकेत वरची तिन्ही मापं दिलेली. पोराला २२×१० हवा होता. "मामू, दहाने स्पीड जास्त मिळतो."

कागदावर मिळतो. मिनिटाला ७,००० फेरे धरले तर आठच्या पिचने तासाला सुमारे ८५ किलोमीटर येतात, दहाच्या पिचने १०७. माझ्या वर्गातली मुलंही करतील असा गुणाकार. पण कब हा शर्यतीचा घोडा नव्हे. जाड पंख, उघडी चाकं, पंखांना टेकू देणारे तिरपे दांडे, हे सगळं हवेला अडतं. ते १०७ ने जाणारच नाही. मग जास्तीच्या पिचचं ओझं इंजिनाने फुकट वाहायचं, आणि उतरताना इंजिन मंद केलं तरी विमान पुढे ओढलं जायचं. हळू उडणाऱ्या विमानाला व्यास मोठा आणि पिच कमी, वेगवान गुळगुळीत विमानाला उलट. मग २३×८ का नको? त्याच फेऱ्यांना एका इंचाने भार जवळपास पाचव्या हिश्श्याने वाढतो. नव्या इंजिनाला सुरुवातीला हलकं ओझंच बरं.

विमानाचा विषय निघाला की आमच्याकडे कुणीतरी कुर्तुब्याच्या अब्बास इब्न फिरनासला आणतं, शेजारी कुणीतरी शिवकर तळपद्यांना. दोन्हीकडचा अभिमान मी मान डोलवून ऐकतो. या कामात मला जास्त शिकवलं ते राइट बंधूंच्या १९०३ सालच्या प्रोपेलरने. हाताने तासलेलं लाकूड, व्यास साडेआठ फूट, इंजिन जेमतेम १२ अश्वशक्तीचं. आणि साखळी लावून तो इंजिनाच्या साधारण एक तृतीयांश वेगाने फिरवलेला. थोडी ताकद मोठ्या, संथ पात्याला दिली की जास्त ओढते. भाच्याने हे ऐकलं आणि दहाचा हट्ट सोडला.

मग निघालं कार्बन फायबर. दिसायला देखणं, काळंभोर. मी लाकूड म्हटलं. विमान नाकावर आलं तर लाकडी पातं मोडतं आणि बऱ्याचदा क्रँकशाफ्ट वाचतो. लाकूड दाबलं जातं, म्हणून पहिल्या उड्डाणानंतर बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, एवढाच त्रास.

बोटांच्या बाबतीत मात्र दोन्ही सारखेच निर्दयी. ७,००० फेऱ्यांना या पात्याचं टोक तासाला सातशे किलोमीटरच्या वर धावतं, आणि डोळ्याला दिसतं ते नुसतं धुकं. आमच्या दूल्हाभाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं तरुणपणी यंत्रमागाच्या गिअरमध्ये गेली. मालकाने मलमपट्टीचे पैसे दिले आणि त्या मागावर दुसरा माणूस उभा केला. त्यामुळे आपाने पिच विचारला नाही, किंमत विचारली नाही. "याचा हात शाबूत राहील ना, एवढं सांग."

मी तिला काय काय ठरवलं ते सांगितलं. इग्निशनचा स्विच बंद आहे हे बघितल्याशिवाय प्रोपेलरला हात नाही. इंजिन सुरू करताना जाड हातमोजा, शेपटीशी पकडायला एक माणूस. सुरू झालं की कार्ब्युरेटरची सुई पिळायची ती मागे येऊन, आणि पात्याच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही, लहान पोरं तर नाहीच. आपा काही बोलली नाही. चहा ठेवायला उठली.

तोल बघायचं काम दूल्हाभाईंनी स्वतःकडे घेतलं. प्रोपेलरच्या मधल्या भोकात लोखंडी दांडी, दांडी दोन समपातळीतल्या पट्ट्यांवर. जड पातं आपसूक खाली येतं. मग हलक्या पात्यावर वॉर्निशचा एक हात, वाळू द्यायचं, पुन्हा ठेवायचं. उरलेल्या तीन बोटांत ब्रश धरून ते दोन संध्याकाळी हेच करत बसले होते, आणि भाचा शेजारी डबी धरून.