तीन किलोचा गोळा

पन्नाशी ओलांडली की बायकांचा गोळा एक किलोने हलका होतो, हे मला माझ्या भाचीने सांगितलं. मास्टर्स अॅथलेटिक्समध्ये वयाची पस्तिशी पूर्ण झालेल्या कुणालाही उतरता येतं. पाच-पाच वर्षांचे गट असतात. 49 पर्यंत बायकांना चार किलोचा गोळा, 50 पासून तीन किलोचा आणि 75 नंतर दोन किलोचा. भाची मोबाईलवर वाचत होती आणि मी भाकरी थापत होते. तीन किलो म्हणजे किती, असं मनात आलं आणि मी ज्वारीच्या पिठाच्या डब्याकडे पाहिलं.

शाळेत असताना मी धावायचे. 1984 ला लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषाचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं, तेव्हा आमच्या शाळेतल्या सगळ्या मुलींना आपण उषा आहोत असं वाटायचं. तालुक्याला मी शंभर मीटरमध्ये दुसरी आले होते. नववीत गेल्यावर ते थांबलं. कुणी मनाई केली असं लिहिलं तर अब्बांवर अन्याय होईल. त्यांनी कधी नको म्हटलं नाही. फक्त पुढच्या वर्षी स्पर्धेची तारीख मला कुणी सांगितली नाही आणि मीही विचारली नाही. माझे कॅनव्हासचे बूट धाकट्या भावाला झाले. मग मॅट्रिक, डी.एड., निकाह, नोकरी, दोन मुलं. वर्गातल्या पोरींना मात्र मी दरवर्षी फक्की मारलेल्या रेषेवर उभं करत राहिले.

आमच्या बीड जिल्ह्यात आता धावणं म्हटलं की अविनाश साबळेचं नाव निघतं, आणि ते बरोबरच आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, वीटभट्टीवर काम करणाऱ्या आईबापाचा मुलगा, शाळेला सहा-सात किलोमीटर जायचा. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये त्याचं सुवर्ण केवळ 0.05 सेकंदाने गेलं. ती शर्यत आम्ही घरात सगळ्यांनी पाहिली. अम्मी तसबीह हातात घेऊन बसली होती. शेवटच्या शंभर मीटरला ती टीव्हीकडे बघून "भाग बेटा, भाग" म्हणत होती. त्यावर भाईजानसुद्धा हसले होते.

म्हणून मी नाव नोंदवलं आहे हे सांगितलं, तेव्हा भाईजान गप्प बसतील अशी माझी वेडी आशा होती.

भाईजान माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे. अब्बांच्या माघारी त्यांनीच आम्हाला सांभाळलं. ते ओरडत नाहीत, आणि अवघड तेच आहे. म्हणाले, "चलना अलग, दौडना अलग. लोगां के सामने, इस उमर में?" मी पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, ट्रॅकपँट आणि पिनांनी घट्ट बसवलेला स्कार्फ दाखवला. बहरीनच्या रुकय्या अल घसराने 2006 च्या दोहा एशियाडमध्ये डोकं झाकून 200 मीटरचं सुवर्ण जिंकलं होतं, तेही सांगितलं. ते म्हणाले, ती जवान होती.

मग मी माझा हुकमाचा पत्ता काढला. अबू दाऊदच्या संग्रहात हदीस आहे. हजरत आयशा स्वतः सांगतात की एका प्रवासात त्या आणि रसूलुल्लाह पायी शर्यत धावले आणि त्या जिंकल्या. पुढे अंग भरल्यावर पुन्हा शर्यत झाली, तेव्हा ते जिंकले आणि म्हणाले, ही त्या शर्यतीची परतफेड. त्यांचं वय त्या वेळी पन्नाशीच्या पुढचं होतं.

भाईजानना हदीस माझ्यापेक्षा जास्त येतात. ते शांतपणे म्हणाले, त्या वेळी सोबतच्या लोकांना पुढे पाठवलं होतं, असंही रिवायतीत आहे. मिया-बीवीची ती आपसातली गोष्ट होती. त्याचा तुझ्या मैदानाशी काय संबंध?

त्यांचं खोटं नव्हतं. मी ती हदीस परवानापत्रासारखी वापरत होते, आणि ती तशी नाही. पण त्या रात्री झोप येईना तेव्हा त्यातली वेगळीच गोष्ट डोक्यात फिरत राहिली. आपलं शरीर जड झालं होतं हे हजरत आयशांनी स्वतः सांगितलं आहे. हरल्याचंही सांगितलं आहे. लाजून लपवलेलं नाही. आमच्या मोहल्ल्यात चाळिशीनंतर बाईच्या शरीराबद्दल दोनच प्रकारची वाक्यं ऐकू येतात. एक गुडघ्यांचं आणि दुसरं शुगरचं.

खरं तर या जिल्ह्यात बायकांच्या ताकदीचं कुणाला अप्रूप नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बाया डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात. त्यांना तीन किलोच्या गोळ्याचं काय सांगायचं? माझ्या वर्गातल्या एका पोरीच्या आईला मी सरावाबद्दल सांगितलं, तर ती म्हणाली, "बाई, फेकून काय मिळतं?" काही मिळत नाही. उलट प्रवेश फी आपली, एसटीचं भाडं आपलं. बारामतीला नऊवारी नेसून अनवाणी धावलेल्या लता करेंना बक्षिसाची रक्कम हवी होती, नवऱ्याच्या तपासण्यांसाठी. त्यांच्या धावण्याला कारण होतं. मला कारण विचारलं की मी अजूनही अडखळते.

सराव फजरनंतर, शाळेच्या मैदानावर. आधी डॉक्टरांकडून बीपी, शुगर आणि ईसीजी. मग सहा आठवडे नुसतं चालणं आणि खुर्चीवरून उठबस. शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी समजावलं की वय वाढलं की पाय पडण्याचा वेग फारसा कमी होत नाही, कमी होते ती ढांग. पाय जमिनीला जास्त वेळ चिकटून राहतो. मला ते आतून कळलं. मी पूर्वीसारखीच धावते आहे असं मला वाटायचं आणि झाड जवळच यायचं नाही. तिसऱ्या महिन्यात मांडीमागचा स्नायू धरला आणि तीन आठवडे नमाज खुर्चीवर बसून पढली. भाईजान भेटायला आले. काही बोलले नाहीत. केळी ठेवून गेले.

स्पर्धा डिसेंबरात होती, शेजारच्या जिल्ह्यात. निघताना अम्मी म्हणाली, "जा, लेकिन गिरना नक्को. हड्डी टूटी तो कौन देखेंगा?"

तिथे वयाचे दाखले तपासत होते. आमच्या गटात पाच बायका आणि त्यातल्या तिघींची जन्मतारीख 1 जून! शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलेली. माझीही. अम्मीच्या हिशोबाने मी बहात्तरच्या दुष्काळात, रमजान ईदेनंतर जन्मले, पण कागदावर 1 जून 1971. या जूनमध्ये मी 55 च्या गटात जाईन आणि त्या गटात सगळ्यात लहान असेन. आयुष्यभर कागदावरच्या त्या वाढीव दिवसांचा राग केला होता.

शंभर मीटर पटकन सांगून टाकते. मी चौथी आले. हातातल्या घड्याळावर 19.8 सेकंद. 2022 ला फिनलंडमध्ये 94 वर्षांच्या भगवानी देवी 24.74 मध्ये धावल्या होत्या, म्हणजे चाळीस वर्षांचं अंतर मला पाच सेकंदांना पडलं. सत्तर मीटरपर्यंत मी तिसरी होते. मग मांडी आठवली, अम्मीचं वाक्य आठवलं आणि मी पाय आवरला. घाबरले, दुसरं काही नाही. शेवटची रेषा ओलांडल्यावर श्वास परत येईपर्यंत वाकून उभी होते, आणि अचानक रडू आलं. हरल्याचं नव्हतं ते. नववीतल्या त्या न विचारलेल्या तारखेचं असावं.

गोळा दुपारी. पहिली फेक फाऊल, पाय बाहेर गेला. दुसरी 5.41. तिसरी 5.86 मीटर. तिसरा नंबर, चौघींत. पदक पत्र्याचं आहे, पण वजनदार आहे.

भाचीने फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, मला न विचारता. त्यात स्कार्फ एका बाजूला सरकलेला, तोंड उघडं, गाल फुगलेले. दोन निळ्या खुणा दिसल्या, म्हणजे भाईजाननी पाहिला. उत्तर नाही. सूनबाईंनी फुलं टाकली, पुण्याच्या चुलतभावाने माशाअल्लाह लिहिलं. भाईजान दोन जुम्मे घरी आले नाहीत. मी फोन उचलायचे आणि ठेवायचे. फोटो काढून टाक असं भाचीला सांगायला दोनदा गेले आणि दोन्ही वेळा दुसरंच काही बोलून परत आले.

तिसऱ्या जुम्म्याला ते आले. अम्मीजवळ बसले, चहा घेतला, गावाकडच्या तुरीबद्दल बोलले. निघताना दारात चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता विचारलं, "वो गोला कितने किलो का रहता?"

"तीन."

"बस?" म्हणाले, आणि जिना उतरून गेले.