हबसाणाचा शेजार

आमचें कासू पेण-रोहे लोहमार्गावर वसलेलें. रोह्यापलीकडे मुरुड, आणि मुरुडसमोर समुद्रांत जंजिरा. त्या मुलुखास पूर्वीं हबसाणच म्हणत. सिद्द्यांचें तें संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. इतिहास शिकवितांना हा शेजार आमच्या फार कामीं येई. थोरल्या महाराजांसही न साधलेला किल्ला, त्यासाठीं संभाजीमहाराजांनीं समुद्रांत बांध घालण्याचा केलेला यत्न, हें सांगतांना आमचा आवाज चढे व मुलें रंगून जात. मलिक अंबर मात्र दोन वाक्यांत आटपे. आफ्रिकेंत जन्मून बाजारोबाजार विकला गेलेला हा पुरुष निजामशाहीचा आधारस्तंभ झाला, आणि १६२४ सालीं भातवडीस शहाजीराजे त्याच्याच पक्षाकडून लढले, हें आम्हांस ठाऊक होतें. सांगण्यास वेळ उरत नसे, इतकेंच.

एकदां कुरळ्या केसांच्या एका काळ्यासांवळ्या मुलास सोबत्यांनीं ‘सिद्दी’ म्हणून चिडविलें. वर्ग हंसला, आणि, लिहितांना लेखणी अडखळते, आम्हीही हंसलों. तो मुलगा पुढें वर्षभर शेवटच्या बांकावर बसे. आम्हीं कारण विचारलें नाहीं.

आमची एक भाची यल्लापूरकडे दिली आहे. सासरीं सुपारीची बाग. निवृत्तीनंतर तेथें गेलों असतां बागेंत काम करणारा एक वृद्ध सिद्दी भेटला. पोर्तुगीजांनीं गोव्यांत गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांपैकीं जे पळाले वा सुटले, त्यांचे वंशज यल्लापूर, हळियाळ, अंकोल्याच्या रानांत राहतात. त्यांत हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत. ‘बाबा, तुमचें मूळ गांव कोणतें?’ आम्हीं विचारलें. ‘हेंच,’ तो आपल्या कोंकणींत म्हणाला. दुभाष्याची गरज पडली नाहीं. उलट तोच प्रश्न त्यानें आम्हांस केला असता, तर आमच्या कुळाची कथा आम्हांसही परशुरामापासूनच सुरू करावी लागली असती.

उत्तर कन्नड जिल्ह्यांतील सिद्द्यांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला तो २००३ सालीं, म्हणजे स्वातंत्र्यानंतर अर्धशतक उलटल्यावर. बेळगांव व धारवाडच्या सिद्द्यांस आणखी सतरा वर्षें थांबावें लागलें. त्याच २०२० सालीं शांताराम सिद्दी हे कर्नाटकाच्या विधानपरिषदेवर नियुक्त झाले. संयुक्त राष्ट्रांनीं २०१५ पासूनचीं दहा वर्षें आफ्रिकावंशीयांच्या हक्कांस वाहिलीं, व २०२५ पासून आणखी दहा. ती वार्ता भाचीच्या पडवीपर्यंत पोंचलेली दिसली नाहीं. तेथें कोनाड्यांत त्या वृद्धाचा चहाचा पेला निराळा होता.

‘मामा, इथली रीतच तशी आहे,’ भाची खालच्या आवाजांत म्हणाली. आम्ही पाहुणे, सासरच्या मंडळींसमोर तिला अवघड करणें जिवावर आलें. दुसरे दिवशीं आम्हीं आपला चहा पडवींतच मागविला व त्याच्या शेजारीं बसून घेतला. तो संकोचून थोडा सरकला. चहा संपतांच त्यानें आपला पेला विसळला आणि कोनाड्यांत उपडा ठेविला. आमचा पेला भाचीनें आंत नेला.