यात्रेची गोडीशेव

यात्रेहून परतणाऱ्या माणसाने घरी काय आणावे, याविषयी आमच्या देशावरील खेड्यांत कधी मतभेद झाल्याचे आम्हांस स्मरत नाही. देवाचा अंगारा असो की माउलीच्या चरणी लावून आणलेली मेणबत्ती असो, ती घरच्यांसाठी. शेजारपाजाऱ्यांसाठी मात्र पुडा हवा. पुड्यात रेवड्या असतील, बत्तासे असतील, फुटाणे असतील. पण गोडीशेव नसेल, तर यात्रा घडली असे मानावयास कोणी तयार होत नाही. बेसनाची करंगळीएवढी जाड शेव तळावयाची आणि ती गुळाच्या पाकात अशी घोळवावयाची, की पाक तिच्या अंगावर कोरडा, पांढरट आणि खरखरीत होऊन बसावा. खाताना आधी गूळ, मग सुंठीचा झणका आणि शेवटी बेसनाची खमंग चव. एवढेच तिचे सारे वैभव.

कोकणात व गोव्यात हिचीच सख्खी बहीण नांदते. तिला तेथे खाजे म्हणतात. देवळाच्या जत्रेत ती दिसते, तशीच चर्चच्या फेस्तातही दिसते. जुन्या गोव्यास ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरच्या सणासाठी गेलेल्या आमच्या वाचकांपैकी अनेकांनी तिचे ढीग पाहिले असतील. गोव्याच्या या खाज्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. आमच्या गोडीशेवेस असले काही बिरुद नाही, आणि त्यावाचून तिचे काही अडलेलेही नाही. २०२० साली ती आमच्या घरात प्रथमच घडली. ती हकीकत सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमचे गाव तळेगाव ढमढेरे. पुणे-नगर रस्त्यावर शिक्रापूरला उतरून आत वळावे, की वेळ नदीच्या काठचे हे जुने गाव लागते. चैत्र-वैशाखात आमच्या भागात यात्रांची रीघ लागते. कवठे येमाई आणि कान्हूर मेसाई ही शिरूर तालुक्यातील गावे तर देवीचे नाव आपल्या नावातच बाळगून आहेत. या दिवसांत शेजारच्या घरांतून आमच्याकडे पुडे येत. आमची यात्रा सप्टेंबरात, हरेगावची. श्रीरामपूरजवळच्या या गावी १९४९ साली येशूसंघीय धर्मगुरू फादर जेराल्ड बाडर यांनी मतमाउलीची नोव्हेना सुरू केली आणि पाहता पाहता तिची यात्रा झाली. 'मत' हा शब्द मुळात वांद्र्याच्या 'मोत माउली'चा, आणि तो पोर्तुगीजांच्या 'मोंते' म्हणजे डोंगर या शब्दावरून आलेला. हरेगावचा मुलूख तर उसाचा, तळहातासारखा सपाट. पण डोंगरावरची माउली उसाच्या रानात आली, म्हणून कोणाच्या भक्तीत उणे पडले नाही.

आम्ही लहानपणी शिक्रापुराहून पहाटेची एस.टी. धरीत असू. शिरूरला घोडनदीचा पूल ओलांडला, की जिल्हा बदलला म्हणून आई हातातील जपमाळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. पुढे सुपे, नगर, राहुरी. यात्रेत मिस्सा झाली, मेणबत्त्या लावून झाल्या, की आम्हां मुलांचे पाय आपोआप हलवायाच्या पालाकडे वळत. तेथील कारागिरी पाहण्याजोगी असे. हलवाई भला मोठा भोकांचा झारा कढईवर आडवा ठेवी, त्यावर पिठाचा गोळा टाकून तळव्याने असा रेटी, की खाली तेलात एकसारखी शेव उतरे. दुसरा माणूस परातीत पाक आणि शेव एकत्र करून दोन्ही हातांनी उलथीत राही. ओलसर, तांबूस, चकाकणारी शेव बघता बघता पांढुरकी होई. हा चमत्कार आम्ही तोंड उघडे टाकून पाहत असू. आई मात्र भाव करण्यात गुंतलेली असे. ती पाच किलो शेव घेई. एवढी कशाला, असे वडील दरवर्षी विचारीत. आणि दरवर्षी आई उत्तर देत नसे.

घरी आल्यावर वर्तमानपत्राच्या कागदाचे पुडे बांधले जात. वडील शाळामास्तर झाल्यापासून आम्ही गावठाणात भाड्याच्या घरात राहत होतो, त्यामुळे शेजार मोठा होता. पुडे आम्ही मुलेच पोहोचवीत असू. शेजारच्या वाड्यातील मोठ्या काकू पुडा घेत, उघडून एक कांडी तोंडात टाकीत आणि "यंदा सुंठ बरी घातली आहे हो हलवायाने," असे म्हणत. हे वाक्य त्या सहसा चुकवीत नसत.

आता थोडे नाताळाविषयी. आमच्या घरी नाताळास करंज्या, चकल्या, शंकरपाळे असा सारा फराळ होई, आणि आईच्या हातच्या करंजीची ख्याती आमच्या नातेवाइकांत दूरवर होती. दिवाळीत शेजारून फराळाची ताटे येत. नाताळात मात्र आमची ताटे जात नसत. असे का, हे विचारावे असे आम्हांस कधी वाटले नाही. लहानपणी जे रोज दिसते, त्याला कारण असते हेच मुळी ठाऊक नसते.

२०२० साली मार्चमध्ये टाळेबंदी आली. देवळे आणि चर्च बंद झाली, ती आपल्या राज्यात १६ नोव्हेंबरपर्यंत उघडली नाहीत. हरेगावची यात्रा त्या वर्षी भरली नाही, वांद्र्याचीही नाही. आई तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती. नोव्हेनाचे नऊही दिवस तिने घरातील आल्तारापुढे बसून केले. नवव्या दिवशी प्रार्थना संपल्यावर ती म्हणाली, "पुडे राहिले."

आमच्या धाकट्या चिरंजीवांनी लगेच तोडगा काढला. शेव घरीच करू आणि सगळ्यांना देऊ! घरात बेसन होते, गूळ होता, वेळ तर पोत्याने होता. सर्वांनी माना डोलावल्या. आई काही बोलली नाही. तिला तो उद्योग व्यर्थ वाटत असावा, असा आम्ही समज करून घेतला.

पहिल्या दिवशीची फजिती थोडक्यात सांगतो. जाडसर बेसन घेतले, त्यात थोडी तांदळाची पिठी, मीठ, कडकडीत तेलाचे मोहन घालून घट्ट गोळा भिजविला आणि सोऱ्याला जाड भोकांची चकती लावली. घाणा टाकला, तो शेव तळाशी जाऊन पडली आणि तेल पिऊन मऊ झाली. दोष पिठाचा नव्हता. हलवायाच्या कढईत तेलच इतके असते, की घाणा पडला तरी ते निवत नाही. आमच्या घरच्या कढईत वाटीभर पीठ पडताच तेलाचा ताव उतरतो. मग आम्ही आच वाढविली, तर शेव बाहेरून करपली आणि आत कच्ची राहिली. आमच्या सौभाग्यवतींनी तेव्हा स्वयंपाकघराचा ताबा आमच्याकडून काढून घेतला, हे बरेच झाले. त्यांनी एकेका वेळी मूठभरच पीठ सोऱ्यात घालावयास सुरुवात केली. दोन घाण्यांच्या मध्ये तेल पुन्हा तापू दिले, शेव तेलात पडली की आच मध्यम केली. शेव जमली.

पाकाने मात्र दगा दिला. दुकानदाराने चिक्कीचा गूळ दिला होता आणि उत्तम गूळ मिळाला म्हणून आम्ही खूश होतो. तो गूळ चिकट. चिक्कीस उत्तम, कारण तेथे पाक काचेसारखा राहावयास हवा असतो. गोडीशेवेचा पाक मात्र शेवटी साखरला पाहिजे, म्हणजे त्याचे बारीक कण सुटले पाहिजेत. आमची सगळी शेव मिळून एक वीट झाली. धाकट्याने ती वरवंट्याने फोडून खाल्ली, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी आईने खुर्ची ओट्याजवळ ओढावयास सांगितले. साधा पिवळा गूळ आणला. गूळ बुडेल न बुडेल इतके पाणी घालून पाक चढविला. थोड्या थोड्या वेळाने वाटीतील गार पाण्यात थेंब टाकून पाहावयाचा. थेंब पसरला, तर थांबा. त्याची बोटांत गोळी वळली, तर सावध व्हा. गोळी घट्ट झाली, की क्षणभरही न दवडता पातेले खाली घ्या. त्यात सुंठ, वेलदोडा आणि थोडे तीळ. मग परातीतील शेवेवर पाक ओतून दोन झाऱ्यांनी सतत उलथावयाचे. "हात थांबवू नका," आई म्हणत राहिली, "थांबलात की वीट." आमचे खांदे भरून आले. शेव ओलीच दिसत होती. आम्ही हताश होऊन आईकडे पाहिले. तिने नुसती मान हलविली. आणि मग परातीतील आवाज बदलला. चिकट, जड असा जो आवाज येत होता, तो खुळखुळ झाला, आणि आमच्या डोळ्यांदेखत शेव पांढुरकी पडू लागली. पन्नास वर्षे आई हलवायाशी भाव करीत उभी होती, तेव्हा तिचे लक्ष कोठे होते ते त्या दिवशी कळले.

सायंकाळी पुडे बांधावयास बसलो. तेव्हा आईने सांगितले.

आमच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला. प्रभूच्या घरी त्यांना नवे नाव मिळाले. गावाच्या लेखी मात्र आमचे घर ज्या आळीचे होते, त्याच आळीचे राहिले. गावठाणात राहावयास आल्यावर पहिल्या नाताळात आईने मोठ्या हौसेने फराळाची ताटे झाकून शेजारी पाठविली. ताटे हसतमुखाने घेतली गेली. दुसऱ्या दिवशी एका गोठ्याजवळून जाताना तिने आपल्या करंज्या गव्हाणीत पाहिल्या. तिने कोणाजवळ शब्द काढला नाही, वडिलांजवळही नाही. ताटे मात्र बंद झाली. पुढच्या सप्टेंबरात हरेगावला हलवायाच्या पालासमोर उभे असताना तिला सुचले, की हलवायाच्या हातचे सगळेच खातात. आपण नेले तरी ते हलवायाचेच. तेव्हापासून पाच किलो.

आम्ही पन्नाशी ओलांडलेली माणसे, आणि ज्या पुड्यांची ने-आण आम्हीच केली, त्यांचा अर्थ आम्हांस त्या संध्याकाळी कळला. काय बोलावे ते सुचेना. सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "कागदातच बांधू या. यात्रेची म्हणूनच खातील. कोण विचारतंय?" खोटे सांगावयाचे नव्हते, फक्त सांगावयाचे नव्हते. आम्हांस ती सूचना पटली, हे कबूल केले पाहिजे. काळ बदलला आहे, असे आम्ही सभांतून बोलतो; परंतु त्या बदलाची परीक्षा आपल्या आईच्या करंजीवर घ्यावी, इतकी आमची त्यावर श्रद्धा नव्हती.

आईने बराच वेळ परातीतील शेवेवरून हात फिरविला. मग म्हणाली, "यात्रा भरली नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. डब्यात दे."

डबा म्हणजे तिच्या लग्नातील पितळी डबा. झाकणावर वडिलांचे नाव कोरलेले. नावाआधी छोटासा क्रूस. तो भरून आम्ही मोठ्या काकूंच्या वाड्यात गेलो. त्याही आता आईच्याच वयाच्या. तोंडाला पट्टी बांधून, उंबऱ्याबाहेर उभे राहून आम्ही सांगितले, की यंदा शेव घरी केली आहे, आईने पाठविली आहे. त्यांच्या सुनेने डबा घेतला आणि ओसरीवर उन्हात ठेवला.

त्यानंतरचे दिवस आम्हांस चांगले आठवतात. डबा परत येईना. ते दिवस असे होते, की लोक बाजारची भाजीदेखील मिठाच्या पाण्यात धुऊन घेत. कोणी दुसऱ्याच्या घरचे खाल्ले नाही, तर त्याला दोष देता आला नसता. शिवाय पितृपक्ष चालू होता. म्हणजे शेव खाल्ली गेली नसेल, तर ती रोगाच्या भीतीने, की पितृपक्षामुळे, की त्या जुन्याच कारणाने, हे आम्हांस कधीच कळले नसते. आईने डब्याचा विषय एकदाही काढला नाही. मात्र रस्त्याकडच्या खिडकीशी ती नेहमीपेक्षा अधिक वेळ बसू लागली. येणारे-जाणारे कोणी नसतानाही.

त्या वर्षी पितृपक्षानंतर लगेच अधिक महिना लागला. तो सुरू होऊन चार दिवस झाले असतील. सकाळी दाराशी मोठ्या काकूंचा नातू उभा. हातात डबा.

"आजीने दिलाय," तो म्हणाला. "आणि सांगितलंय, पाक छान बसला होता, पण शेवटच्या घाण्याला तेल निवलं होतं. दोन-तीन कांड्या मऊ लागल्या."

"मी सांगत होते," आई आतून म्हणाली.

डब्यात अनारसे होते, अधिक महिन्याचे, खसखस लावलेले, सोळा. आईने एक उचलला, उजेडाकडे धरून त्याची जाळी पाहिली, कडेचा तुकडा मोडून तोंडात टाकला. पोर जाण्यासाठी वळले होते.

"थांब रे बाळा," ती म्हणाली, "तांदूळ किती दिवस भिजवले होते, तेवढं आजीला विचारून ये."