आहेराची वही

रेगेन्सबर्ग,
२२ जानेवारी २०२६

ती. आईस,

पार्सल पोचलं. फोनवर सांगितलं होतंच, पण फोनवर तू मला धड बोलू कुठे देतेस? ‘मिळालं ना, झालं तर मग,’ म्हणतेस आणि लगेच ‘जेवलीस का’वर येतेस. कुणी तुझे आभार मानायला लागलं की नेमकं तुझं दूध उतू जायला लागतं. म्हणून पत्र लिहितेय.

पार्सल सोडवायला या खेपेला कस्टमच्या कचेरीत जावं लागलं. काळजी करू नकोस, पैसे काही पडले नाहीत. काउंटरवरच्या माणसाने खोका माझ्याच हातानं उघडायला लावला. वर गोधडी, मग शेंगदाण्याची चटणी, मग लाडवांचा डबा आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या स्टीलच्या गाळण्या. सात निघाल्या. सातही एका मापाच्या. बाहेरदेशातून कुणी घरगुती भेट पाठवली आणि ती ४५ युरोच्या आतली असली, तर इथे तिच्यावर कर लागत नाही. पण ती भेटच हवी, दुकानाचा माल नको. आता एका बाईला सात गाळण्या कशाला लागतात, हे त्यानं विचारणारच. मी संक्रांतीपासून सुरुवात केली आणि सूर्य मकर राशीत जातो इथपर्यंत येऊन अडकले. तेवढ्यात त्याला गाळण्यांच्या दांड्यांना दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठ्या दिसल्या. मी त्या वाचून दाखवल्या. ‘तळमजल्यावरच्या आजी.’ ‘दुसऱ्या मजल्यावरची तुर्की बाई.’ ‘ऑफिसातली उंच मैत्रीण.’ ‘बेकरीतली, चष्मेवाली.’ पाचवी वाचायच्या आत त्यानं हसून खोका बंद करायला सांगितला आणि सही घेतली.

यातल्या एकीलाही तू भेटलेली नाहीस. कुणाचा व्हिडिओ कॉलमध्ये मागून नुसता आवाज ऐकलास, कुणाविषयी मी कधीतरी काही बोलून गेले. तेवढ्यावर तू ठरवलंस की यांच्याकडे चहाची पत्ती गाळायला धड काही नसणार. आणि खरोखरच नव्हतं गं.

पोस्टात फॉर्म भरताना किमतीच्या रकान्यावरून तुझं जे झालं ते तूच सांगितलंस. क्लार्कने वस्तूवार किंमत विचारली, तर तू म्हणे ‘दिलेल्याची किंमत सांगत नाहीत’ म्हणून अडून बसलीस. जन्मभर दुकानातून आणलेल्या प्रत्येक वस्तूवरची चिकटपट्टी कोमट पाण्याने सोडवणारी तू, तुला हा रकाना खटकणारच. शेवटी त्यानं अंदाजे आकडे टाकले. त्याला नमस्कार सांग.

तुझी आणि या गावाची गाठ पोस्टामुळेच पडावी हे मला बरं वाटतं. इथे थुर्न उंड टाक्सिस नावाचं राजघराणं आहे. पिढ्यान्‌पिढ्या साम्राज्याचं टपाल त्यांच्याकडे होतं, आपल्याकडे पाटीलकी असायची तसं. १७४८ मध्ये ते इथे राहायला आले. पुढे बव्हेरियाच्या राजानं टपाल सरकारी केलं आणि भरपाई म्हणून सेंट एमेरामचा जुना मठ त्यांना दिला, तो आता त्यांचा राजवाडा आहे. त्याच्यावरून जाताना मला कुरुंदवाडच्या पोस्टाबाहेरचं बाकडं आठवतं आणि त्याच्यावर पासबुकांची चळत मांडीवर घेऊन बसलेली तू.

बाबा घर सोडून गेले तेव्हा मी चौथीत होते आणि धाकटा बालवाडीत. मामा न्यायला आला, तू गेली नाहीस. पोस्टाची एजन्सी घेतलीस, महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेची. घरोघर जायचं, आरडीचे हप्ते गोळा करायचे, शंभराला चार रुपये कमिशन. लोकांना वाटायचं, ही पैसे न्यायला येते. पण तुझ्या पिशवीत दोन वह्या असायच्या. एकीत कुणाचा हप्ता आला, कुणाचा राहिला. दुसरी आहेराची. तिच्यात कुणी किती दिलं आणि आपण किती फेडायचं, हे बाकीच्यांच्या वहीत असतं ते नसायचंच. मी चोरून वाचलेलं एक पान अजून आठवतं: ‘कोपऱ्यावरचं घर. नातू. कुंची नको, तीन आल्यात. मच्छरदाणी.’ दुसऱ्या पानावर: ‘शाळेतल्या मावशी. साडी नेसत नाहीत आता, गाऊन घालतात. खिसा असलेला बघणे.’ आणि हे सगळं ज्यातून व्हायचं ती आरडी तू स्वतःच्या नावावर निराळी ठेवली होतीस. घरभाडं थकलं तरी तिला हात लावायचा नाही. त्या वेळी मला याचा राग यायचा, हेही आज लिहून टाकते. आपल्याकडे दूध पाव लिटर येतं आणि ही बाई लोकांना मच्छरदाण्या वाटते!

गल्लीत निराळंच बोललं जायचं. एकट्या बाईला हे परवडतं कसं? कुठून येतं? कुणाकडून येतं? तुझ्यासमोर कुणी बोललं नाही, पण शाळेत माझ्या कानावर यायचं. एकटी बाई मागायला आली तर लोकांना कळतं, दोन घास देतात, कीव करतात, पुण्य लावून घेतात. ती द्यायला लागली की त्यांना सुचेनासं होतं.

हे मला इथे आल्यावर एका दुसऱ्या आईमुळे नीट कळलं. योहानेस केप्लर, ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात हे सांगणारा, तो याच गावात वारला, १५ नोव्हेंबर १६३० रोजी. दरबाराकडे थकलेली येणी वसूल करायला आला होता, तापाने गेला. (तू असतीस तर पासबुक घेऊन बादशहाच्या दारात बसली असतीस.) ज्या घरात तो गेला ते अजून उभं आहे, गल्लीलाही त्याचंच नाव आहे, माझ्या ऑफिसच्या वाटेवरच लागतं. त्याचा बाप भाडोत्री सैनिक. येऊनजाऊन असायचा, शेवटी गेला तो परतलाच नाही. आईने, काटारिनाने, मुलं वाढवली. १५७७ चा मोठा धूमकेतू आला तेव्हा सहा वर्षांचाही नसलेल्या पोराला ती उंचावर घेऊन गेली आणि तो दाखवला, हे त्यानेच पुढे लिहून ठेवलंय.

ही काटारिना झाडपाल्याची औषधं जाणायची आणि देत सुटायची. १६१५ मध्ये एका बाईने कांगावा केला की हिने दिलेल्या पेल्यातलं पिऊन मी आजारी पडले, ही चेटकीण आहे. झालं. मग ज्यांना ज्यांना तिने काही दिलं होतं, त्यांची पोटदुखी त्या देण्यापाशी नेऊन जोडली जाऊ लागली. तिने घाबरून अधिकाऱ्याला चांदीचा पेला देऊ केला, तोही पुरावा म्हणून नोंदला गेला. आणि ऐक, तिने म्हणे थडगी खणणाऱ्याकडे आपल्या वडिलांची कवटी मागितली होती. चांदीत मढवून तिचा पेला करायचा आणि गणिती मुलाला भेट द्यायचा! जुन्या काळी असे पेले करत, हे तिने कुठल्याशा प्रवचनात ऐकलं होतं. तुझ्या गाळण्या यापुढे फारच सोज्वळ म्हणायच्या. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईला चौदा महिने साखळीने बांधून ठेवलं. केप्लरने बायकामुलांना रेगेन्सबर्गला आणून ठेवलं आणि स्वतः आईकडे जाऊन तिचा खटला लढला. छळाची हत्यारं समोर मांडून दाखवली तरी तिने गुन्हा कबूल केला नाही. १६२१ च्या ऑक्टोबरात सुटली आणि पुढच्या एप्रिलात गेली.

तुला कुणी साखळीने बांधलं नाही. पण संक्रांतीचं घे. हळदीकुंकवाला तुला बोलवायचं की नाही, हे गल्लीतल्या बायकांना ठरवता येईना. नवरा आहे म्हणावं तर घरात नाही, नाही म्हणावं तर गळ्यात मंगळसूत्र. पहिली दोन-तीन वर्षं बोलावणं आलं नाही. मग तू काय केलंस, तर हप्ते गोळा करायला जाताना पिशवीत वाण घेऊन निघालीस. आरडीच्या यादीत जेवढ्या बाया, तेवढ्यांना. यादीत विधवा होत्या, टाकलेल्या होत्या, लग्न न झालेल्या दोन नर्स होत्या; सगळ्यांना एकच वाण, वाटी, आणि तिळगूळ. ‘मला कसं गं चालेल?’ असं एक म्हातारी म्हणाली, तर तू म्हणालीस, ‘वाटीला काय कळतंय?’ शेजारच्या हेरवाड गावाने विधवांच्या प्रथा बंद करायचा ठराव केला तो मे २०२२ मध्ये. सरकारने त्याचं परिपत्रक काढलं, वर्तमानपत्रांतून फोटो आले. तुझा ठराव पिशवीतूनच पास झाला होता. गंमत म्हणजे तू वाण वाटलंस त्याच्या पुढच्याच संक्रांतीपासून तुला सगळीकडून बोलावणी यायला लागली. वाटी घेतल्यावर परत काहीतरी द्यायला नको?

आणि माझी पाळी. दहावीनंतर पॉलिटेक्निकला प्रवेश मिळाला, २००५ साल. तोपर्यंत वहीत आम्हा दोघांची नावं कधी नव्हती. घरच्यांना कसला आहेर! त्या जूनमध्ये मी पाहिलं: ‘थोरली. कॅल्सी. दोन ओळींचा पडदा असलेला.’ दोन ओळींचाच का, हे तुला कसं कळलं ते मला नंतर समजलं. हप्त्याला गेलीस तेव्हा सांगलीला इंजिनिअरिंग करणाऱ्या एका मुलाकडे तू त्याचा कॅल्क्युलेटर मागितलास, खुर्चीवर बसलीस आणि म्हणालीस, ‘हा कसा चालतो ते दाखव, आणि स्वस्तातला घेतला तर पोरीचं काय अडेल तेही सांग.’ वर गणित लिहिलेलं दिसतं, खाली उत्तर. चुकलं तर मागे जाऊन दुरुस्त करता येतं, असं त्याने सांगितलं. ते तुला पटलं. महिन्याभरात पूर आला, कृष्णेचं पाणी घरात शिरलं. आपण कागदपत्रं वाचवत होतो आणि तू कॅल्क्युलेटर पिठाच्या डब्यात घालून डबा माळ्यावर टाकलास. नंतर कितीतरी दिवस त्याच्या बटणांतून पीठ निघायचं. काटारिनाने धूमकेतू दाखवला. तुला रात्री आभाळाकडे बघायला वेळ नव्हता, तू पासबुकं भरायचीस. पण कुठली वस्तू हातात दिली म्हणजे हिचं अडणार नाही, एवढी चौकशी माझ्यासाठी दुसऱ्या कुणीही केलेली नाही. माझं सगळं शिक्षण त्या चौकशीवर झालं, आई.

लाडू तीळ-गुळाचेच पाठवलेस ते बरं केलंस. दूधदुभत्याचं काही पार्सलने इकडे येऊ देत नाहीत, त्यामुळे तुपातलं पाठवू नकोस हे मी सांगितलं, आणि तू हिरमुसलीस तेही कळलं. डबा उघडला तेव्हा बाहेर बर्फ पडत होता. यावरून पुन्हा केप्लरच. १६११ च्या नवीन वर्षाला आपल्या आश्रयदात्याला द्यायला त्याच्याकडे काही नव्हतं. प्रागच्या पुलावरून चालताना कोटावर हिमकण पडले, सगळे सहा कोनांचे. असे का, यावर त्याने एक छोटं पुस्तक लिहिलं आणि तेच भेट म्हणून दिलं. त्यात गोळे कमीत कमी जागेत कसे रचावेत हाही प्रश्न आहे: खालच्या थरातल्या तीन गोळ्यांमधला खळगा बघायचा आणि वरचा गोळा त्यात बसवायचा, याहून दाट रचना नाही, असं त्याचं म्हणणं. ते सिद्ध करायला गणितज्ञांना १९९८ उजाडलं, आणि त्याचीही संगणकाने कसून तपासणी संपली ती २०१४ मध्ये. तुझा डबा मी वरून निरखून पाहिला. बरोबर खळग्यातच. सातासमुद्रापार येऊन एक लाडू फुटला नव्हता.

वाण वाटून झालं. तळमजल्यावरच्या आजींनी दुसऱ्याच दिवशी ताटली परत केली ती नाताळच्या उरलेल्या बिस्किटांनी भरून, म्हणजे भांडं रिकामं परत करू नये हे इथेही चालतं. ऑफिसात ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा अशी रीत आहे, तीही तुला आवडेल.

आता कामाचं. मेमध्ये तुला इकडे यायचंय, तिकीट मी काढतेय आणि यावर चर्चा नाही. व्हिसाचे कागद धाकट्याकडे पाठवते. माझा पासपोर्ट २०१७ मध्ये झाला तेव्हा आईबापांपैकी एकाचंच नाव पुरतं हा नियम नुकताच आला होता आणि मी तुझं लिहिलं होतं, त्यामुळे नात्याच्या पुराव्याला दुसरं काही जोडावं लागणार नाही असं वाटतं. तरी जन्माचा दाखला असू दे. बॅग तेवीस किलोची. त्यात तुझ्या स्वतःच्या साड्या किमान सहा, एक स्वेटर आणि गुडघ्याचा पट्टा असायला हवा, मग उरलेल्या जागेत तुला काय भरायचं ते भर. धाकट्याला वजनकाटा आणायला सांगितलाय, निघायच्या आदल्या रात्री तो साड्या मोजेल.

तुझी,
थोरली